मुंबईला लेकरं घेऊन गेलता का? काय काय दाखवलं ते लिहा

दिवाळीच्या सुट्टीत परभणीहून मुंबईला जायचं ठरलंय, देवगिरीची तिकिटं झालीत. सोबत नऊ वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी आणि सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात. लेकरांनी समुद्र अजून डोळ्यानं बघितलेला नाही, मुलगी रोज विचारायली की समुद्र गंगाखेडच्या गोदावरीपेक्षा मोठा असतो का. नेटवर याद्या ढीगभर आहेत, त्या नकोत. ज्यांनी आपली लेकरं नेलीत त्यांनीच लिहा, कुठं रमली, कुठं कंटाळली, कुठं दमली.

जालन्याची आई
राणीची बाग सगळ्यात आधी. भायखळ्याला उतरलं की चालत जाता येतं, बुधवारी बंद असते एवढं ध्यानात ठेवा. पेंग्विन बघायला रांग लागते पण लागू द्या. हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन, २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आणलेले, मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, म्हणजे बर्फातले नाहीतच, माझा मुलगा तर बर्फच शोधायला होता तिथं! आत मस्त गारवा असतो, मोठ्ठी काच, काचेपलीकडं पाणी. एक पेंग्विन अगदी काचेला लागून आला, मुलानं बोट डावीकडं नेलं की त्याची मान डावीकडं, उजवीकडं नेलं की उजवीकडं, किती वेळ चाललं होतं दोघांचं, मागचे लोकं पण थांबून बघायले. बागेतली जुनी झाडं पण दाखवा, आपल्याकडं एवढाल्या खोडाची झाडं आता कुठं राहिलीत. गेटजवळच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ पासूनचं, त्यात जुन्या मुंबईतल्या माणसांच्या मातीच्या छोट्या छोट्या मूर्ती आहेत, पगड्या सुद्धा वेगवेगळ्या. माझी मुलगी तिथून निघायला तयार नव्हती. ते पण बुधवारी बंदच.

लातूरकर बाबा
समुद्राचं मी सांगतो. आधी भरती-ओहोटीची वेळ मोबाईलवर बघा आणि मगच निघा, कारण वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढं सरकते, काल पाचला बघितलेलं पाणी आज पाचला तिथं नसतं. लेकरांना दोन्ही दाखवा. ओहोटीला गिरगाव चौपाटीवर ओली वाळू उघडी पडते, तिथं बसून खेळता येतं, आणि भरतीला मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून लाटा बघायच्या, पण लेकराचा हात धरून आणि अलीकडं उभं राहून. आमच्या लेकरांनी घागरीनं पाणी विकत घेतलेले उन्हाळे बघितलेत हो. एवढं पाणी बघून धाकटी गप्पच झाली, मग विचारती, हे पाणी पिता येत नाही तर मग कशाला आहे? आम्ही कठड्यावर बसून ढग, पाऊस, नदी असं सगळं बोलत बसलो. पाण्यात मात्र उतरवू नका, ओढ असते. पावसाळ्यात तर जेलीफिश पण किनाऱ्याला येतात, डंख लागला की लेकरू रडून रडून बेजार होतं.

संभाजीनगरची मावशी
आमची लेकरं वेरूळ बघूनच मोठी झालीत, तरी घारापुरीला घेऊन गेलाव आणि लई बरं झालं. गेटवेवरून लाँच, तासभर लागतो, मागं पांढरे पक्षी येतात ते बघण्यातच अर्धा प्रवास संपतो. लेण्यात रावण कैलास हलवतोय ते शिल्प आहे, मोठ्या पोरीनं लगेच ओळखलं, "हे आपल्या वेरूळात पण आहे!" आणि मग तीच आम्हाला समजावून सांगायली. त्रिमूर्ती तर साडेपाच मीटरच्या आसपास उंच, लेकरं मान वर करून करून थकली. आणि गंमत म्हणजे ज्या दगडी हत्तीवरून बेटाला एलिफंटा म्हणायला लागले तो हत्ती आता बेटावर नाही, जालन्याच्या ताईंनी सांगितलेल्या त्या संग्रहालयाच्या बाहेरच उभा आहे, तिथं गेलात की नक्की दाखवा. सोमवारी लेणी बंद. माकडं लई आहेत, हातात बिस्किटाचा पुडा धरून लेकराला चालू देऊ नका.

बीडवाला
कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट, म्हणजे बुटाच्या आकाराचं घर. चार वर्षाच्या लेकरासाठी तेवढं बास. वरून चौपाटी पण दिसती.

हिंगोलीचे सर
मी शाळेत विज्ञान शिकवतो म्हणून वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरचं नाव घेतोच. १९८५ चं आहे. तिथं वस्तूला हात लावू नका असं कोणी म्हणत नाही, उलट फिरवा, ओढा, दाबा. आमच्या वर्गात प्रकाशाचं परावर्तन फळ्यावर काढून दाखवावं लागतं, तिथं लेकरू वेड्यावाकड्या आरशासमोर उभं राहून स्वतःच ते बघतं आणि पाठ करायची गरजच राहत नाही. नऊ वर्षांच्या मुलासाठी अर्धा दिवस हातात ठेवा, घाईत नेऊ नका. शेजारीच तारांगण आहे, सोमवारी बंद असतं, आणि चार वर्षांची मुलगी अंधारात घाबरत असेल तर तिला आजीजवळ बाहेर बसवा.

धाराशिवची ताई
लोकलचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाचनंतर लेकरं घेऊन लोकलमध्ये चढूच नका, दुपारी बिनधास्त जा, खिडकी मिळाली तर लेकरांना तोच एक मोठा आनंद असतो. चिठ्ठीवर तुमचा मोबाईल नंबर लिहून दोघांच्या खिशात ठेवा, दादरला उतरताना तर हात सोडूच नका. आणि एका दिवशी एकच मोठं ठिकाण. तीन ठिकाणं उरकली की लेकराच्या ध्यानात राहतं ते फक्त टॅक्सीतलं ऊन.

परभणीकर (मीच)
सगळ्यांचे मनापासून आभार, सगळं वहीत लिहून घेतलं. पहिल्या दिवशी दादरला उतरून सामान ठेवतो, ओहोटीची वेळ बघून चौपाटी. मग राणीची बाग, आणि बुधवारी सायन्स सेंटर. घारापुरीचं मन होतंय पण सासूबाईंना झेपेल का?

नांदेडकर
माझ्या आईचं पण तेच दुखणं. जेटीपासून पायथ्यापर्यंत छोटी आगगाडी आहे, लेकरांना ती आवडेलच. तिथून पुढं १२० च्या आसपास पायऱ्या आहेत, दोन्ही बाजूला दुकानं. आईला डोलीत बसवून वर नेलं, चार माणसं असतात, ती घाबरली नाही. फक्त दर पायथ्यालाच ठरवा, जाण्या-येण्याचा मिळून, आणि निघायच्या आधी परतीची लाँच कितीला आहे ते जेटीवर विचारून घ्या.