नाइट शिफ्ट सुरू झाल्यापासून पाळी लांबतेय. झोपेमुळे असं होतं का?

बार्शीची_पोर:
सगळ्यांना नमस्कार. वय 26, कर्वेनगरला तिघी मिळून फ्लॅट घेतलाय. दिवाळीनंतर हिंजवडीत अमेरिकन प्रोजेक्टवर आले. संध्याकाळी साडेसहाला लॉगिन, पहाटे साडेतीनला लॉगआउट. कॅब सगळ्यांना सोडत सोडत येते, त्यामुळे घरी पोचेपर्यंत पाच वाजतात. डोळा लागतो न लागतो तोच शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, मग कचरा न्यायला येणाऱ्या ताईंची बेल. दहाच्या आत मी उठून बसलेली. शनिवार-रविवार मात्र दिवसभर मैत्रिणींबरोबर आणि झोप रात्री.

आधी पाळी 28-30 दिवसांनी यायची. आता चाळिशी गाठते, आणि आली की पहिले दोन दिवस पोट धरून पडून राहावं लागतं. आई म्हणते उष्णता वाढलीय, रूममेट म्हणते पीसीओडीच (अंडाशय आणि हार्मोनचा त्रास) असणार. दिवस जाण्याचा प्रश्नच नाही. नुसत्या झोपेमुळे तारीख एवढी पुढे जाऊ शकते का?

मोगरा_कोथरूड:
सीएच्या फायनलच्या वेळी माझंही हेच झालं होतं. रात्र रात्र जागून अभ्यास. परीक्षा संपल्यावर हळूहळू जागेवर आलं. पण तू थायरॉईड बघून घे. माझी बहीण वर्षभर जागरणाला दोष देत बसली आणि निघाला थायरॉईड.

सिस्टर_काकू:
अगं बाळा, जाऊ शकते. मी पुण्यातल्याच एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स म्हणून निवृत्त झाले, बरीच वर्षं लेबर रूमला होते. नाइट लागली की कोणाची तारीख किती पुढे गेली, हा आमच्या चेंजिंग रूममधला नेहमीचा विषय.

आधी हे समजून घे की पाळी उशिरा येते ती बहुतेक वेळा बीज उशिरा सुटल्यामुळे. बीज सुटल्यापासून पाळी येईपर्यंतचे दिवस बऱ्यापैकी ठरलेले असतात, साधारण 12 ते 14. ताणला जातो तो त्याच्या आधीचा काळ. बीज सुटायला मेंदूकडून एलएच या हार्मोनची एक मोठी लाट यावी लागते, आणि त्या लाटेचा शरीराच्या घड्याळाशी संबंध असतो. ते घड्याळ मुख्यतः डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर चालतं. अंधार पडला की मेलाटोनिन हे रात्र झाल्याचं सांगणारं हार्मोन वाढतं, उजेडात दबतं. तू पाच दिवस रात्रीचा दिवस करतेस आणि शनिवारी सगळं उलटं फिरवतेस. म्हणजे दर सोमवारी अमेरिकेहून विमानाने उतरल्यासारखी तुझ्या शरीराची गत. त्यात चार-पाच तासांची तुटकी झोप, वर कामाचा ताण. अशा वेळी मेंदू ती लाट पुढे ढकलतो, कधी कधी त्या महिन्यात बीज सुटतच नाही.

अमेरिकेत नर्सेसवर मोठे अभ्यास झालेत. फिरत्या रात्रपाळ्या करणाऱ्यांमध्ये अनियमित पाळी जास्त दिसली. प्रत्येकीला होतंच असं नाही. माझ्याबरोबरच्या काही जणींची तारीख नाइटलाही कधी हलली नाही.

दुखण्याचं म्हणशील तर झोप अपुरी असली की तीच कळ जास्त जाणवते.

माझ्या मते तुझी रात्रपाळी जेवढी नडतेय, त्याहून जास्त ही शनिवारची उलथापालथ नडतेय. नोकरी आत्ता सोडता येणार नाही, हे मला कळतं. मग निदान रोजच्या झोपेतले काही तास तरी सातही दिवस तेच ठेव. आठवड्यात साडेपाच ते साडेबारा झोपत असशील तर सुट्टीला तीन ते दहा झोप. मैत्रिणींना दुपारनंतर भेट. खिडकीला जाड, गडद पडदे लाव, तरीही उजेड येत असेल तर डोळ्यांवर पट्टी. कचऱ्याची बादली रात्रीच दाराबाहेर ठेव आणि बेलचं बटण बंद करून टाक, हे रूममेट्सना स्पष्ट सांग. झोप मागण्यात लाजायचं काही नाही. शेवटची कॉफी रात्री बारा-साडेबाराच्या आत. कॉफीचा अर्धा अंमल पाच-सहा तासांनीही अंगात असतो.

आणि पीसीओडी आहे की नाही ते रूममेटने नाही, डॉक्टरने ठरवायचं. 35 दिवसांच्या वर वारंवार जात असेल तर दाखवायलाच हवं. तीन महिने आलीच नाही, किंवा तासातासाला पॅड बदलावं लागलं, तर अजिबात थांबू नकोस.

निगडीवाली:
एवढं कशाला? माझी तारीख उलटली की मी मेडिकलमधून पाळी यायची गोळी आणते. पाच दिवस घेतली की येते.

सिस्टर_काकू:
निगडीवाली, त्या गोळीत प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन असतं. गोळी थांबली की ते खाली येतं आणि रक्तस्राव होतो. पण मुळात बीज का सुटत नाही ते तसंच राहतं, आणि महिनोन्‌महिने कारण झाकलं जातं. डॉक्टरांनी दिली तर जरूर घे. मनाने दुकानातून आणून घेऊ नकोस, कळकळीने सांगते.

बार्शीची_पोर:
काकू, खूप खूप आभार. एवढं नीट कोणी सांगितलंच नव्हतं. पडद्यांचं माप आजच घेते. लॅबवाल्याला परवा सकाळी सातला घरी बोलावलंय, टीएसएच (थायरॉईडची तपासणी) आणि प्रोलॅक्टिन (पाळीवर परिणाम करणारं हार्मोन) दोन्ही करते.

सिस्टर_काकू:
सातला नको ग. तुझ्यासाठी ती मध्यरात्र. प्रोलॅक्टिन झोपेत वाढतं, झोपेतून उठवून रक्त घेतलं तर आकडा उगाच वर दिसेल आणि तू घाबरशील. टीएसएचही रात्री आणि जागरणाने थोडं चढतं. पुरेशी झोप झाल्यावर, उठून दोन-तीन तास गेले की दुपारी दे. लॅबला फोन करून तीन-चारची वेळ माग. डॉक्टरांकडे रिपोर्ट नेशील तेव्हा शिफ्टच्या आणि झोपेच्या वेळा, आणि दिवाळीपासूनच्या पाळीच्या तारखा एका कागदावर लिहून ने. ओपीडीत घाईत निम्मं राहून जातं.