अनुभव धागा: उपासना आणि पैसा

आवाहन

यरुशलेमच्या मंदिरात येशूने सराफांचे चौरंग पालथे केले आणि कबुतरे विकणाऱ्यांना, माझ्या पित्याचे घर व्यापाराचे घर करू नका, असे बजावले. आपल्या मंडळीत पैसा आणि पावित्र्य समोरासमोर आले तेव्हा काय घडले, ते प्रत्येकाने स्वतःच्या अनुभवातून लिहावे. चर्चचे किंवा व्यक्तीचे नाव मात्र घेऊ नये.

वसईहून

वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या मिस्साची, म्हणजे कॅथलिक उपासनाविधीची, नोंद करायला आई गेली, तेव्हा कार्यालयात रक्कम आधी विचारली गेली आणि मृताचे नाव नंतर. आईजवळ तेवढे पैसे नव्हते, म्हणून ती काही न बोलता परतली. ही गोष्ट धर्मगुरूंच्या कानावर गेल्यावर ते संध्याकाळी स्वतः घरी आले, वडिलांचे नाव लिहून घेतले आणि एक रुपयाही न घेता मिस्सा अर्पण केला. पुढे मला कळले की हा त्यांचा केवळ चांगुलपणा नव्हता. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कॅनन कायद्यातील ९४५ वा नियम अर्पणाचे पैसे मिळाले नाहीत तरी गरजूंसाठी मिस्सा करण्याची आग्रहाने शिफारस करतो, आणि ९४७ वा नियम त्यात व्यापाराचा भासही नको म्हणतो. २१ नोव्हेंबर २०१४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी प्रवचनात चर्चमधील संस्कारांच्या दरपत्रकांवर कठोर टीका केली, ती वाचताना मला आईचे ते मुकाट परतणे आठवले.

अहिल्यानगर जिल्ह्यातून

आमच्याकडे कापणीच्या सणाला ज्याच्या शेतात जे पिकेल ते वेदीपुढे आणून ठेवतात आणि नंतर त्याचा लिलाव होतो. ही प्रथा मला मनापासून प्रिय आहे. पण एके वर्षी लिलाव उपासनेच्या मध्येच सुरू झाला, बोली चढवणाऱ्यांची नावे ध्वनिक्षेपकावरून पुकारली जाऊ लागली, आणि एका नारळासाठी दोन घरांत अशी चुरस लागली की प्रार्थना बाजूलाच राहिली. माझ्या आजीने आणलेली पायलीभर बाजरी कोपऱ्यात तशीच होती. दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या विधवेचे दान येशूने सर्वांत मोठे मानले, हा उतारा आम्ही त्याच सकाळी वाचला होता, याचे मला आजही वाईट वाटते. पुढच्या वर्षी पाळकसाहेबांनी आशीर्वचनानंतर, बाहेर निंबाखाली लिलाव ठेवला आणि नावे पुकारणे बंद केले. रक्कम थोडी कमी झाली. आजी मात्र शेवटपर्यंत थांबली.

मुंबईहून

पत्नीच्या आजारपणात आम्ही एका आरोग्यप्रार्थना सभेला जात होतो. तेथे अभिषेकाचे तेल बाटलीमागे पैसे घेऊन दिले जाई आणि “विश्वासाचे बी” म्हणून पाकीट भरायला सांगितले जाई. गुण आला नाही की पाकीट लहान होते असे सुचवले जाई. ती गेल्यावरही कितीतरी महिने मी स्वतःलाच दोष देत होतो. त्या काळात एका वृद्ध पाळकांनी मला बायबलमधील कोड झालेल्या नामान सेनापतीची गोष्ट वाचून दाखवली: अलीशा संदेष्ट्याने त्याला बरे केल्याबद्दल काही घेतले नाही, आणि अलीशाचा सेवक गेहजी याने मागून धावत जाऊन चांदी व वस्त्रे मागितली, तेव्हा नामानाचे कोड गेहजीला जडले. ते पाळक दर गुरुवारी लोकलने येत. मी तिकिटाचे पैसे पुढे केले की म्हणत, “चहा टाका.”

पुण्याहून, एका खजिनदाराकडून

वरील अनुभव वाचून कोणी अर्पणालाच लोभ समजू नये, एवढ्यासाठी लिहीत आहे. सुवार्ता सांगणाऱ्यांची उपजीविका सुवार्तेवर व्हावी असे प्रेषित पौलाने करिंथ शहरातील मंडळीला लिहिले, आणि त्याच करिंथात तो स्वतः तंबू शिवून राहिला. या दोन्ही गोष्टी मी जवळ ठेवतो. आमच्याकडे वीजबिल आणि सेवकाचा पगार अर्पणातूनच भागतो. दर रविवारी एकमेकांच्या नात्यात नसलेले दोघे जण पैसे मोजतात, महिन्याचा हिशेब दाराशी लावतात, आणि कोणी किती दिले हे त्यात कधीच नसते.