मदत हवी आहे : मुलाची थेरपी सुरू आहे, पण पालक म्हणून आम्ही कोणता आधार आधी घ्यावा?

नमस्कार.

आमचा धाकटा मुलगा पावणेतीन वर्षांचा आहे. तो अजून बोलत नाही, हाक मारली तर क्वचितच वळून पाहतो आणि डब्यांची झाकणे एका ओळीत मांडण्यात बराच वेळ रमतो. नळ सोडून हवा असला की तो आमचे मनगट धरून आम्हांला नळापर्यंत नेतो, पण आमच्या चेहऱ्याकडे पाहत नाही. बालविकासतज्ज्ञांनी त्याला तपासून ऑटिझमची, म्हणजे स्वमग्नतेची, शक्यता सांगितली आहे. पक्के निदान काही महिन्यांनी पुन्हा तपासून करू, मात्र तोवर वाट पाहत न बसता स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामे व हालचाली जमाव्यात म्हणून दिली जाणारी थेरपी) सुरू करा, असा त्यांचा सल्ला होता आणि त्याप्रमाणे दोन्ही थेरपी सुरू आहेत. त्यामुळे मुलासाठी काय करावे हे मी येथे विचारत नाही. माझा प्रश्न आम्हा दोघांबद्दल, म्हणजे त्याच्या आईवडिलांबद्दल आहे.

थेरपी चालू असताना खोलीचे दार बंद असते आणि आम्ही बाहेर बसतो. वेळ संपली की थेरपिस्ट दारातच उभ्या राहून दोन-तीन मिनिटांत काय केले ते सांगतात, तोवर पुढच्या मुलाची आई त्याला घेऊन उभीच असते. घरी काय करायचे ते वहीत लिहून मिळते. त्या वहीतली एकेक गोष्ट योग्यच आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही, पण सगळ्यांची बेरीज केली तर दिवस अपुरा पडतो. ‘दिवसातून तीन वेळा, वीस मिनिटे समोरासमोर बसून’ असे त्यात लिहिलेले असते आणि प्रत्यक्षात टेबलाखाली शिरलेल्या मुलाला बाहेर काढून समोर बसवण्यातच निम्मा वेळ जातो. पत्नीने तूर्त नोकरी थांबवली आहे. तो रात्री दोन-दोन तास जागा राहतो, त्यामुळे तिचीही झोप होत नाही. परवा ती म्हणाली, “मी त्याची आई कधी असते? सारखी त्याची शिकवणीच घेत असते.” या वाक्यावर काय बोलावे ते मला सुचले नाही आणि हा धागा काढण्यामागे तेच कारण आहे. त्यातच घरातील वडीलधाऱ्यांना ‘उशिरा बोलेल, काळजी करू नका’ असे मनापासून वाटते, त्यामुळे घरात या विषयावर मोकळेपणाने बोलणेही होत नाही.

शोधाशोध केल्यावर पालक-प्रशिक्षण, पालकांचे आधारगट, समुपदेशन, मूल काही तास दुसऱ्या प्रशिक्षित व्यक्तीकडे सोपवून विसावा घेण्याची सोय, म्हणजे रेस्पाइट केअर, आणि सगळ्या तज्ज्ञांमध्ये मेळ घालणारी एकच ‘की वर्कर’ असे बरेच पर्याय समोर आले. हे सगळे एकदम करणे शक्य नाही. ज्यांनी यांतले काही अनुभवले आहे त्यांनी कृपया सांगावे, की सुरुवात कशापासून करावी? पक्के निदान हाती नसताना पालकांच्या गटात जाणे योग्य ठरेल का? आणि थेरपिस्टना न दुखावता आम्हांला आत बसू द्यावे अशी विनंती कशी करावी?

प्रतिसाद (बारा वर्षांच्या मुलाची आई)

तुमच्या पत्नीचे वाक्य वाचून थांबले, कारण ते मीही अनेकदा मनात म्हटले आहे. माझे मत स्पष्ट आहे : आधी पालकांचा गट शोधा, बाकीचे त्यानंतर. आमच्या मुलाला डाउन सिंड्रोम आहे, त्यामुळे निदान जन्मानंतर लगेच झाले होते आणि माहितीचा तर आमच्यावर वर्षावच झाला. नव्हते ते आमच्या चार पावले पुढे गेलेले माणूस. तसे माणूस भेटल्यावर पहिल्यांदा कोणीतरी मला ‘तो आता काय काय करतो?’ असे न विचारता ‘तुम्ही जेवता-झोपता ना वेळेवर?’ असे विचारले.

नव्या पालकाची गाठ मुद्दाम एका अनुभवी, थोडे प्रशिक्षण घेतलेल्या पालकाशी घालून द्यायची ही पद्धत नवी नाही. अमेरिकेतील ओमाहा येथे १९७१ मध्ये असा एक उपक्रम सुरू झाला आणि पुढे त्या धर्तीवर अनेक ठिकाणी काम उभे राहिले. मोठ्या सभेत बोलायला ज्यांना संकोच वाटतो त्यांना एकास एक अशी जोडी अधिक मानवते, त्यामुळे तशी सोय आहे का ते आवर्जून विचारा.

निदान पक्के नसले तरी खुशाल जा. चांगला गट प्रमाणपत्र मागत नाही. मात्र जिथे ‘अमुक औषधाने आमचे मूल पूर्ण बरे झाले’ अशा गोष्टी विकल्या जातात, किंवा ज्याचे मूल अधिक बोलते त्याचाच शब्द चालतो, तिथून उठून यायला संकोच बाळगू नका. गटातून घरी येताना मन थोडे हलके झाले आहे की तुलनेने आणखी जड झाले आहे, एवढे दोन-तीन वेळा पाहिले की पुरे.

विसावा मागण्यात कमीपणा मानू नका, हेही सांगते. विकलांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातील तेविसाव्या कलमात, विकलांग बालकांना आणि त्यांच्या कुटुंबांना माहिती, सेवा व आधार लवकर आणि पुरेशा प्रमाणात मिळावा, असे म्हटले आहे. ‘त्यांच्या कुटुंबांना’ हे शब्द त्यात आहेत. हे मला कळले तेव्हा मदत मागताना वाटणारा अपराधीपणा बराच कमी झाला. पत्नीचे मन दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत उदास राहत असेल, कशातच रस वाटत नसेल, तर मात्र गटावर विसंबून राहू नका. त्यासाठी डॉक्टरांचीच मदत घ्यावी लागते.

प्रतिसाद (स्पीच थेरपिस्ट)

ताईंच्या बहुतेक म्हणण्याशी सहमत आहे, पण ‘बाकीचे त्यानंतर’ या मुद्द्यावर थोडे वेगळे मत मांडते. तुमच्या मुलाच्या वयात पालकांचे शिकणे मागे ठेवू नये. आठवड्यातले एक-दोन तास मूल माझ्यासमोर असते, उरलेला सगळा वेळ ते तुमच्यासोबत असते. म्हणून बंद दाराआड चाललेली थेरपी पालकाला काही शिकवत नसेल, तर तिचा बराचसा उपयोग दारापाशीच संपतो.

याला आधार आहे. इंग्लंडमध्ये मँचेस्टर, लंडन आणि न्यूकॅसल येथे ऑटिझम असलेल्या १५२ लहान मुलांवर ‘पॅक्ट’ नावाच्या पद्धतीची चाचणी झाली. त्यात थेरपिस्ट पालक आणि मूल खेळत असतानाचे चित्रण करतात, मग पालकासोबत बसून ते पाहतात आणि मुलाने संवादाचा बारीकसा प्रयत्न कुठे केला, पालकाने त्याला दाद कुठे दिली, ते क्षण दाखवतात. २०१० मधील पहिल्या निष्कर्षांत पालकांच्या प्रतिसादात चांगला बदल दिसला, मुलांच्या लक्षणांतील फरक मात्र फारसा नव्हता. सुमारे सहा वर्षांनी तीच मुले पुन्हा तपासली, तेव्हा या गटातील मुलांची लक्षणे तुलनेने सौम्य असल्याचे आढळले, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. यात भर आई-वडिलांनी शिकवणी घेण्यावर नव्हता. मुलाचे इशारे ओळखायला ते शिकले होते.

तुमच्या पत्नीच्या प्रश्नाचे उत्तर मला येथेच दिसते. समोरासमोर बसण्याची वीस मिनिटे बाजूला ठेवा आणि दिवसभरात जे घडतच असते त्यात संवादाला जागा करा. सदरा घालताना तो डोक्यावर अर्धा ओढून थांबा, काही न बोलता मनात पाचपर्यंत मोजा. मूल हात वर करील, ओठ हलवील किंवा नुसते अंग वळवील. तो त्याचा शब्द समजा, ‘वर!’ असे म्हणा आणि सदरा पूर्ण ओढा. नळाचेही तसेच. तो मनगट धरून नेतो ते वाईट लक्षण म्हणून मोडून काढायचे नाही, कारण त्याला काहीतरी सांगायचे आहे आणि ते तो तुमच्यामार्फत करू पाहतो आहे. नळापाशी त्याच्या उंचीवर खाली बसा, तुमचा चेहरा त्याला सहज दिसेल अशा जागी आणा, क्षणभर थांबा, मग नळ सोडा. यासाठी आईला शिक्षिका व्हावे लागत नाही.

पद्धतशीर शिकायचे असेल तर जागतिक आरोग्य संघटनेने विकासात उशीर किंवा अपंगत्व असलेल्या २ ते ९ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी एक प्रशिक्षण तयार केले आहे. त्यात नऊ गटसत्रे आणि तीन घरभेटी असतात, आणि पालकांनी स्वतःची काळजी कशी घ्यावी हाही त्याचा भाग आहे. त्याचे ऑनलाइन रूपही आहे. गट आणि प्रशिक्षण असे दोन्ही त्यात एकत्र येते, म्हणून ताईंच्या आणि माझ्या मतांत फार अंतर उरत नाही. घरभेटीला मी फार महत्त्व देते. १९६९ मध्ये अमेरिकेतील पोर्टेज या गावी सुरू झालेली पद्धत घरभेटीवरच उभी राहिली आणि पुढे कितीतरी देशांत गेली, कारण केंद्रात शांत बसणारे मूल घरी कसे असते ते घरीच दिसते.

थेरपिस्टना विनंती करताना ‘आम्हांला आत बसू द्या’ असे मोघम म्हणू नका. “प्रत्येक सत्राची शेवटची दहा मिनिटे मी आत येऊन करून पाहीन, तुम्ही पाहून मला दुरुस्त करा,” असे नेमके सांगा. कोणताही चांगला थेरपिस्ट याने दुखावणार नाही. काही मुले पालक आत असताना बिथरतात हे खरे आहे, अशा वेळी चित्रण करून नंतर एकत्र पाहण्याचा पर्याय सुचवा. आणि वही घेऊन दोन्ही थेरपिस्टना एकदा एकत्र भेटा, या महिन्यात यांतल्या कोणत्या दोनच गोष्टी महत्त्वाच्या आहेत ते विचारा. की वर्कर मिळत नसेल तर निदान एवढा मेळ तरी घालून घ्यायलाच हवा.

धागाकर्ता

ताई आणि मॅडम, दोघींचे मनापासून आभार. पत्नीने दोन्ही प्रतिसाद वाचले. सदऱ्याची गोष्ट तिने आजच करून पाहिली. तो आधी चिडला, दुसऱ्या खेपेला मात्र त्याने हात वर केले. शेवटच्या दहा मिनिटांची विनंती मी उद्याच करणार आहे. एक गोष्ट विचारायची राहिली. आमची मोठी मुलगी सात वर्षांची आहे. अलीकडे ती फार शहाण्यासारखी वागते, काही मागत नाही, भावाची झाकणे कोणी हलवू नयेत म्हणून पाहुण्यांवरही लक्ष ठेवते. याचे कौतुक करावे की काळजी करावी, हे आम्हांला कळत नाही.

प्रतिसाद (बारा वर्षांच्या मुलाची आई)

दोन्ही करा, पण काळजी आधी. सगळे घर एका मुलाभोवती फिरत असताना दुसरे मूल न मागण्याची सवय लावून घेते आणि ती मोठ्यांच्या सोयीची असल्याने कोणाच्या लक्षात येत नाही. भावंडांसाठीही वेगळे गट असतात. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे १९८२ मध्ये सुरू झालेल्या ‘सिबशॉप’ या पद्धतीत अशी मुले एकत्र खेळतात आणि खेळता-खेळता मनातले बोलतात. तसा गट मिळेपर्यंत तिला तिच्या वयाला समजेल असे खरे कारण सांगा. भावाला बोलायला शिकायला अधिक वेळ लागतो, त्यात कोणाची चूक नाही आणि त्याची राखण करणे हे तिचे काम नाही, एवढे पुरेसे आहे. आठवड्यातला एक ठरलेला वेळ दोघांपैकी एकाने फक्त तिच्यासाठी ठेवा आणि त्या वेळात भावाचा विषय काढू नका, तिने काढला तर मात्र थांबवू नका. तिला त्याचा राग येत असेल तर तोही तिला बोलून दाखवता आला पाहिजे. आमच्या मुलीने तो पहिल्यांदा मोठ्याने बोलून दाखवला त्या दिवसापासून ती भावाशी भांडू लागली आणि मग खेळूही लागली.