देवाच्या नावानं पुढं आलेलं ताट : आपापले अनुभव लिहा

लंगर, अन्नछत्र, धर्मशाळा, चर्च, दर्गा, काहीही चालेल. फक्त दर्शनानंतर हौसेनं घेतलेला महाप्रसाद नको. खिसा रिकामा होता किंवा घरापासून लांब अडकला होतात, तेव्हाचं लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. २०१२ साली वडिलांना घशाचा कॅन्सर निघाला आणि आम्ही परळला टाटात आलो. पहिल्या नऊ रात्री हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर काढल्या, मग दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. 'भुकेलेल्यांना अन्न' हे बाबांच्या दशसूत्रीतलं पहिलं कलम शाळेत पाठ केलं होतं, मार्कांपुरतं. रेडिएशनमुळं वडिलांना गिळता येईना. वाढणाऱ्या बाईंनी दोन दिवस त्यांचं ताट तसंच परत जाताना पाहिलं. तिसऱ्या दिवशी भाताची पेज आधीच काढून ठेवलेली, मीठ-तूप घालून, वर झाकण. "कोमट आहे, आत्ताच द्या," एवढंच बोलल्या. ती वाटी संपवायला वडिलांना पाऊण तास लागला. तेवढा वेळ त्या शेजारी तांदूळ निवडत बसल्या होत्या. नाव विचारायचं राहिलं, ते अजून टोचतं.

*

नांदेड. स्पर्धा परीक्षेची तयारी करत होतो. दोन महिन्यांचं बिल थकलं म्हणून मेसवाल्यानं डबा बंद केला. त्याचंही चूक नव्हतं म्हणा. चार दिवस बिस्किटांवर काढले, मग रूममेट सचखंड हुजूर साहिबला घेऊन गेला. रुमाल डोक्याला बांधून पंगतीत बसलो. पोळी ताटात टाकत नाहीत, दोन्ही हात पुढं करून घ्यावी लागते. मला वाटलं, हे भीक मागण्यासारखंच झालं. शेजारी बघितलं तर अंगठ्या घातलेला एक माणूस तसेच हात करून बसलेला. मग घेतली. घेतल्या म्हणतो, सात खाल्ल्या!

पुढं लाज वाटू नये म्हणून जेवणाआधीच भांडी घासायला लागलो. तिथल्या एका म्हाताऱ्या सरदारजींच्या ते लक्षात आलं. "पहले रोटी, फिर बर्तन," म्हणाले आणि हातातली राख काढून घेतली.

*

मी ड्रायव्हर. २०२० चं लॉकडाउन, गाडीत संत्री, नागपूरहून हैदराबाद. रस्त्यावर एकही ढाबा उघडा नाही, पाण्याची बाटलीसुद्धा मिळेना. यवतमाळ जिल्ह्यात करंजीजवळ गुरुद्वाऱ्याचा लंगर चालू होता. बाबा करनैल सिंग खैरांचं नाव नंतर पेपरात वाचलं, तेव्हा कळलं की आपण कोणाकडं जेवलो. तिथं माझ्यापेक्षा वाईट हालत पायी निघालेल्यांची होती. एका पोराच्या पायाला चपलेऐवजी बाटल्या चेपून बांधलेल्या. तो जेवताना कुणाकडं बघतच नव्हता. दोन क्रेट संत्री उतरवून दिली. मालकाला सांगितलं, माल सडला.

*

माझं थोडं वेगळं आहे. एका ठिकाणी धान्याची पिशवी घेताना फोटो काढला, तोही पिशवीवरचं नाव दिसेल असा धरायला लावून. तांदूळ चांगला होता. परत गेले नाही.

*

वरचं वाचून लिहावंसं वाटलं. आम्ही वसईचे. नवरा गेल्यावर चर्चमधल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे दोघं जण घरी येऊ लागले. ही संस्था १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू झाली, आणि घरी जाऊन भेटायची रीत तेव्हापासूनची. मला भीती शेजाऱ्यांची होती, सासूबाईंचा ताठा तर गावाला माहीत. त्या दोघांना ते सांगावं लागलं नाही. रोझरी संपल्यावर, काळोख पडला की यायचे, मागच्या पडवीत पिशवी टेकवायचे आणि पुढच्या दारानं पाहुण्यासारखे आत येऊन चहा मागायचे. चहाची पूड आणि साखर त्याच पिशवीतली असायची. सासूबाई शेवटपर्यंत म्हणायच्या, "किती वेळा येतात ही माणसं चहाला!"