आपला संघ गाव सोडून जातो तेव्हा (अनुभव धागा)

बालेवाडीकर

हैदराबाद एफसी हा फुटबॉल क्लब दिल्लीला जाऊन स्पोर्टिंग क्लब दिल्ली या नावाने खेळणार, ही ऑक्टोबर 2025 मधली बातमी मी वाचली, त्याच सकाळी आमच्या घरातला एक नारिंगी-जांभळा शर्ट गाडी पुसण्याच्या फडक्यांत जमा झाला होता. तो एफसी पुणे सिटीचा होता. मी वाचलेल्या बातमीत हैदराबादच्या प्रेक्षकांबद्दल हळहळ होती आणि ती योग्यच होती, पण 2019 मध्ये पुण्याचा क्लब बंद होऊन इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेतली त्याची जागा, प्रशिक्षक फिल ब्राउन आणि बरेचसे खेळाडू हैदराबादला गेले होते, याचा त्यात उल्लेखही नव्हता.

2014 च्या लीगच्या पहिल्या हंगामात मुलगी नऊ वर्षांची होती. त्रेझेगे नावाचा फ्रान्सचा विश्वविजेता आपल्या पुण्यातल्या बालेवाडीच्या मैदानात खेळतो आहे, हे तिला समजावताना मीच जास्त हरखून गेलो होतो. मार्च 2018 मध्ये आपण उपांत्य फेरी गाठली, घरचा सामना बंगळुरूशी 0-0 असा सुटला, आणि परतीच्या सामन्यात त्यांच्या सुनील छेत्रीने तीन गोल करून आपल्याला घरी पाठवले. त्या रात्री ती जेवली नाही.

खरा चटका मात्र डिसेंबर 2019 मध्ये बसला. भुवनेश्वरचे कलिंग स्टेडियम दुरुस्तीत असल्यामुळे ओडिशा एफसीचे सुरुवातीचे घरचे सामने बालेवाडीत होत होते आणि त्यांतला एक हैदराबादशी होता. म्हणजे यजमान ते, जे आदल्या हंगामापर्यंत दिल्लीचे होते, आणि पाहुणे ते, जे आदल्या हंगामापर्यंत आमचे होते. मुलीने विचारले, "बाबा, आपण कोणाच्या बाजूने ओरडायचे?" ओडिशा 3-2 असे जिंकले आणि आम्ही दोघे तोंड मिटून घरी आलो. त्या प्रश्नाचे उत्तर मला अजून देता आलेले नाही. ज्यांच्यावर अशी वेळ आली असेल त्यांनी जरूर लिहावे.

गहुंजेचा वाटसरू

आमची गोष्ट वेगळी आहे, कारण आम्ही भाडेकरूवरच जीव लावला होता. चेन्नई आणि राजस्थान दोन वर्षांसाठी निलंबित असताना आलेला पुण्याचा आयपीएल संघ दोनच हंगामांचा आहे, हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होते. तरीही 21 मे 2017 रोजी अंतिम सामना एका धावेने हरल्यावर मी दोन दिवस कोणाशी नीट बोललो नव्हतो. पुढच्याच वर्षी कावेरी आंदोलनामुळे चेन्नईचे सहा घरचे सामने पुण्याजवळच्या गहुंजेच्या मैदानात आले, आणि पिवळे शर्ट घातलेले प्रेक्षक खास रेल्वेगाडीने चेन्नईहून पुण्यात उतरले. त्यांना पाहून प्रथम राग आला आणि मग लाज वाटली, कारण सामना हलला तरी ही माणसे त्याच्यामागे एवढा प्रवास करून आली होती, आणि मी घरून निघताना वाहतुकीची तक्रार करत होतो.

फ्रीमॉन्टवासी

बालेवाडीकर, तुमच्या मुलीचा प्रश्न वाचून हातातले काम बाजूला ठेवले. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये आम्ही हेच तीन वेळा भोगले. 2019 मध्ये बास्केटबॉलचे वॉरियर्स खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेले, 2020 मध्ये अमेरिकन फुटबॉलचे रेडर्स लास व्हेगासला गेले, आणि शेवटी 1968 पासून इथे असलेले बेसबॉलचे ए'ज (ॲथलेटिक्स) सुद्धा गेले. मला बेसबॉल कळायला चार वर्षे लागली. तो मला माझ्या शेजारच्या आजोबांनी शिकवला, ज्यांनी 1972, 73 आणि 74 अशी सलग तीन विजेतेपदे तरुणपणी पाहिली होती. बार्टमधून (इथल्या लोकलमधून) उतरून पुलावरून ए'जच्या मैदानाकडे, कोलिसियमकडे, चालताना ते दर वेळी तीच हकिगत सांगत आणि मी दर वेळी नव्याने ऐकल्यासारखे करी.

मालक म्हणत की प्रेक्षक येत नाहीत. तेव्हा 13 जून 2023 रोजी चाहत्यांनी ठरवून मैदान भरवले. एरवी ओस पडणाऱ्या त्या मैदानात मंगळवारी रात्री 27,759 माणसे जमली, संघ विकून टाका असे सांगणारे हिरवे शर्ट घालून. आम्ही दोघेही त्यांत होतो. सामना जिंकलो, निर्णय मात्र बदलला नाही. 26 सप्टेंबर 2024 च्या शेवटच्या सामन्याला 46,889 प्रेक्षक होते, टेक्सासवर 3-2 असा विजय मिळाला, आणि सामना संपल्यावर बराच वेळ कोणी जागचे हलले नाही. लोक मैदानाची माती पुड्यांत आणि डब्यांत भरून नेत होते. आजोबांसाठी मीही थोडी आणली. ती त्यांनी टोमॅटोच्या कुंडीत टाकली आणि म्हणाले, आता निदान काहीतरी उगवेल.

संघ आता सॅक्रामेंटोजवळच्या एका लहान मैदानावर खेळतो आणि लास व्हेगासच्या नव्या मैदानाची वाट पाहतो. तिथपर्यंत गाडीने दोन तासही लागत नाहीत. आम्ही एकदाही गेलेलो नाही.

चूल आणि चेंडू

फ्रीमॉन्टवासी, कुंडीपर्यंत पोहोचले आणि इकडे भात करपला. टोमॅटो लागले का, तेवढे सांगा.

फ्रीमॉन्टवासी

लागले, पण आंबट होते.

बाल्टिमोरचा पाहुणा

आमच्या कार्यालयातल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांसमोर इंडियानापोलिसचे नाव काढण्याची सोय नाही. 28 मार्च 1984 च्या रात्री सामानाच्या गाड्या बोलावून कोल्ट्स हा त्यांचा फुटबॉल संघ (अमेरिकेतला, हातात चेंडू घेऊन पळण्याचा) तिकडे नेण्यात आला, आणि गाव सकाळी उठले तेव्हा संघ नव्हता. गंमत अशी की हीच मंडळी आज ज्या रेव्हन्ससाठी जीव टाकतात, तो संघ 1996 मध्ये क्लीव्हलँडहून आणलेला आहे. हे मी एकदा जेवणाच्या सुट्टीत बोललो. पुन्हा बोललो नाही.

दक्षिण लंडनकर

पुण्यात कोणी नवा क्लब काढण्याचा विचार केला नाही का, असे मला राहून राहून वाटते. मी राहतो त्या विंबल्डनच्या फुटबॉल क्लबाला 2002 मध्ये दूरच्या मिल्टन कीन्सला जाण्याची परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी रडत न बसता त्याच उन्हाळ्यात स्वतःचा क्लब स्थापन केला, गावच्या मोकळ्या माळावर खेळाडूंची निवडचाचणी घेतली आणि अगदी खालच्या श्रेणीतून खेळायला सुरुवात केली. 2020 मध्ये ते प्लाउ लेनवर, म्हणजे जुन्या मैदानाच्या हाकेच्या अंतरावर, परतले. मिल्टन कीन्सच्या संघाने 'डॉन्स' हे विंबल्डनचे टोपणनाव आपल्या नावात ठेवले, म्हणून त्याचे पूर्ण नाव आमच्याकडे आजही फारसे कोणी घेत नाही.

बालेवाडीकर

विचार केला नाही असे नाही, दादा, पण आमच्या संघाचे वय जेमतेम पाच वर्षांचे होते. ज्या गोष्टीसाठी माणसे माळावर जमतात, ती आजोबा-नातवांतून मुरत यावी लागते आणि आम्हाला तेवढी उसंतच मिळाली नाही. अर्थात ही सबबही असू शकेल.

मडगावची

मार्च 2022 मध्ये हैदराबाद आमच्या मडगावातल्या फातोर्ड्याच्या मैदानात केरळला हरवून लीगचे विजेते झाले तेव्हा मी तिथे होते. केरळच्या पिवळ्या गर्दीत मी एकटी उगाच हैदराबादच्या बाजूने होते, कारण अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला बरोबरी साधणारा साहिल तावोरा गोव्याचा आणि पेनल्टी अडवणारा कट्टीमणीही गोव्याचा. हे स्थलांतर पुण्याला इतके लागलेले असेल, हे तेव्हा डोक्यातही आले नाही. आमचे गोव्याचे जुने क्लब साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग कुठे गेले नाहीत, 2016 मध्ये त्यांनी आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतले. संघ गावातच राहून मोठ्या स्पर्धेतून नाहीसा होतो, त्याला काय म्हणावे?

पेठकरी

कोल्हापुरात हा प्रश्न उद्भवत नाही. आमचे संघ तालमींचे आहेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावे मालकांची नसून मंडळांची आहेत, त्यामुळे संघ हलवायचा असेल तर आधी तालीम, मग गल्ली आणि शेवटी अख्खी पेठ उचलून न्यावी लागेल. शाहू स्टेडियमवर हरल्यावर आम्हीही जेवत नाही, पण दुसऱ्या दिवशी गोलरक्षक दुधाच्या दुकानात भेटतो, मग काय बोलायचे ते तिथेच बोलतो. बालेवाडीकर, या हंगामात मुलीला घेऊन या.

बालेवाडीकर

नक्की येऊ, काका. मुलगी आता वीस वर्षांची झाली आहे आणि तिने लगेच विचारले आहे की, या वेळी कोणाच्या बाजूने ओरडायचे.

पेठकरी

ते आमच्या घरी जेवायला बसण्याआधी कळेल. उत्तर एकच आहे आणि त्यावर चर्चा नाही.