पहिल्यांदाच घरी जोडलेला कॉम्प्युटर सुरू होत नाही : कोकणातल्या जोडणाऱ्यांनी अनुभव लिहावेत

सुटे भाग मागवून घरीच कॉम्प्युटर जोडणारी मुलं आता गावोगावी आहेत. सगळं नीट बसवलेलं दिसतं, बटण दाबलं की मशीन ढिम्म. जोडायचं कसं हे सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत, पण सुरू न झाल्यावर काय करायचं ते कोणी धीराने सांगत नाही. म्हणून हा धागा. लिहिताना लक्षण नेमकं सांगा, कुठे किती व्होल्ट दिसायला हवेत तो आकडा द्या आणि कारण सांगा. 'दुसरा भाग लावून बघा' हा सल्ला इथे फारसा उपयोगी नाही. आपल्याकडे जादा प्रोसेसर शेजारच्या दुकानात मिळत नाही, आणि बदलीचं पार्सल घाट चढून परत येईपर्यंत महिना सहज जातो.

चिपळूण, दुरुस्तीचं दुकान

सर्वांत आधी लक्षण ओळखा. काहीच हलत नाही, पंखे क्षणभर फिरून थांबतात, पंखे फिरतात पण स्क्रीन काळी, किंवा बायोस (विंडोजच्या आधी चालणारा बोर्डाचा स्वतःचा प्रोग्राम) दिसतो पण पुढे जात नाही. या चारांपैकी आपलं कोणतं हे ठरल्याशिवाय एकही स्क्रू काढू नका. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

मी काहीच न हलण्याबद्दल लिहितो. एसएमपीएसच्या (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) मागचा खटका रेघेच्या बाजूला दाबलेला हवा, गोलाच्या बाजूला नाही. स्वस्तातल्या एसएमपीएसला ११५ आणि २३० असा लाल सरकता खटका असतो, तो प्लग लावायच्या आधीच २३० वर असल्याची खात्री करा. ११५ वर ठेवून आपली लाइन दिली तर आतले भाग फुटतात.

मग कॅबिनेटच्या बटणाची वायर. नव्या जोडणीत सर्वाधिक गडबड इथेच होते. मदरबोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात नऊ पिनांचा गट असतो. बहुतेक बोर्डांवर पिन ६ आणि ८ पॉवर बटणाच्या, ५ आणि ७ रीसेटच्या, २ आणि ४ पॉवर दिव्याच्या, १ आणि ३ हार्डडिस्कच्या दिव्याच्या. दहाव्या जागी पिनच नसते, त्यावरून दिशा ओळखायची. बटणाची वायर उलटसुलट कशीही चालते, दिव्यांची मात्र सरळच लागते. बटणावर शंका असेल तर वायर काढा आणि ६ व ८ या पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक सेकंदभर टेकवा. मशीन सुरू झालं तर दोष कॅबिनेटच्या बटणात किंवा वायरीत आहे.

तरीही शांत असेल तर एसएमपीएस एकटा तपासा. सगळ्या केबल भागांपासून सोडवा. २४ पिनांच्या मोठ्या कनेक्टरमध्ये क्लिपच्या बाजूची ओळ घ्या. ज्या टोकाला चार पिनांचा तुकडा सुटा होतो त्याच्या उलट टोकाकडून मोजत गेलं की चौथी पिन हिरव्या वायरीची, तिच्या दोन्ही बाजूंच्या काळ्या. हल्ली सगळ्या वायरी काळ्याच येतात, म्हणून मोजूनच घ्या. खटका बंद ठेवून हिरवी आणि शेजारची काळी तारेच्या तुकड्याने जोडा, मग खटका चालू करा. पंखा फिरला तर एसएमपीएस निदान जागा होतो. काही चांगल्या एसएमपीएसचा पंखा कमी भारावर मुद्दामच बंद राहतो, तेव्हा मल्टीमीटर लावा: पिवळ्यावर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट. जांभळ्या वायरीवर मागचा खटका चालू होताच, हिरवी न जोडताही, ५ व्होल्ट दिसायला हवेत. ते नसतील तर बोर्डावर संशय घेऊ नका, एसएमपीएसच बदलीला पाठवा.

एसएमपीएसचं झाकण कोणीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार राहतो. आणि मॉड्युलर (एसएमपीएसपासून सुटणारी) केबल एका कंपनीची दुसऱ्या एसएमपीएसला लावू नका. प्लग बसतो, पण पिनांचा क्रम वेगळा असू शकतो आणि एसएसडी किंवा बोर्ड जळतो.

राजापूर, वायरमन

दादांनी यंत्राचं सांगितलं, मी भिंतीतल्या बोर्डाचं सांगतो. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्ये जवळपास तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. तिसरा आकडा १५-२० निघाला किंवा दुसरा फारच कमी आला तर अर्थिंग नावालाच आहे. जांभ्याच्या कातळावरच्या घरांत हे हमखास असतं. अर्थिंगचा खड्डा उथळ, कोळसा-मीठ पुरेसं नाही, आणि मार्चनंतर सगळं कोरडं ठणठणीत. खड्ड्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी ओतलं तर उन्हाळ्यातही फरक मोजता येतो.

अर्थ नसेल तर कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात. एसएमपीएसच्या फिल्टरमधून पत्र्यावर मुख्य लाइनच्या जवळपास निम्मा दाब येतो. प्रवाह अगदी थोडा असतो, पण याच अवस्थेत मॉनिटरची केबल लावली-काढली तर पोर्ट जायची भीती असते. त्यामुळे आधी अर्थिंग, मग बाकी.

प्लग कोणता हा प्रश्नच नाही. ५०० वॉटचं मशीनही अडीच अँपिअरच्या आसपास घेतं, ६ अँपिअरचा पॉइंट पुरतो. मात्र जुना, ढिला सॉकेट नको. घरातल्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर काही नवे एसएमपीएस सुरूच होत नाहीत किंवा मध्येच बंद पडतात, कारण त्यांच्यातलं पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट ती लहर पचवत नाही. तपासणी करताना थेट लाइनवर लावा.

कणकवली

पंखे फिरतात, स्क्रीन काळी. बोर्डावर डीरॅम, म्हणजे रॅम, लिहिलेला पिवळा दिवा लागून राहतो. रायझन ७६०० प्रोसेसर, डीडीआर५ प्रकारच्या रॅमच्या दोन पट्ट्या. रॅम परत पाठवू का?

रत्नागिरी

थांबा, लगेच पाठवू नका. डीडीआर५ वर बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना रॅमचं ट्रेनिंग करतो, म्हणजे प्रत्येक पट्टीशी कोणत्या वेगाने आणि वेळेने बोलायचं ते ठरवतो. एएम५ सॉकेटवर, म्हणजे तुमच्या ७६०० च्या बोर्डावर, याला कित्येक मिनिटं लागू शकतात. १५ मिनिटं बटणाला हात लावू नका. मध्येच बंद केलं तर ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून.

तरीही दिवा गेला नाही तर एकच पट्टी ठेवा, ती ए२ मध्ये, म्हणजे प्रोसेसरपासून मोजत दुसऱ्या खाचेत. दोन असतील तर ए२ आणि बी२, दुसरी आणि चौथी. पट्टी दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबा, 'टक्' आवाज येईपर्यंत. काही बोर्डांना कुंडी एकाच बाजूला असते. दुसरी बाजू बसलीच नाही हे डोळ्यांना कळत नाही, सोनेरी कड एका टोकाला जास्त दिसते तेवढीच खूण. मग दुसरी पट्टी त्याच खाचेत. दोन्ही पट्ट्यांनी नकार दिला तर रॅमपेक्षा प्रोसेसर किंवा सॉकेटकडे बघा.

हे फार कमी लोक सांगतात: कूलरचे स्क्रू एकाच बाजूने जास्त आवळले तर प्रोसेसर सॉकेटवर तिरका दाबला जातो आणि रॅमचं एक चॅनेल गायब होतं. चारही स्क्रू आलटूनपालटून, तिरक्या जोड्यांत, थोडे थोडे आवळा.

यानंतर बायोसच्या सेटिंग मूळ स्थितीत आणा. प्लग काढा, क्लिअर सीमॉसच्या दोन पिना १० सेकंद जोडा. ती जागा सापडत नसेल तर सीआर२०३२ सेल काढून पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवा. सेल ३ व्होल्टचा असतो. जुन्या बोर्डात २.७ च्या खाली उतरला असेल तर नवीन घाला.

अलिबाग

काळ्या स्क्रीनची दोन सोपी कारणं आधी संपवा. ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल कार्डालाच लावा, बोर्डाच्या पोर्टाला नाही. आणि प्रोसेसरमध्ये अंगचं ग्राफिक्स आहे का ते पाहा. इंटेलच्या नावाशेवटी एफ असेल तर नाही. रायझन ५६०० मध्ये नाही, ५६००जी मध्ये आहे. रायझन ७६०० मध्ये आहे, ७५००एफ मध्ये नाही.

तिसरं कारण प्रोसेसरची वीज. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ८ पिनांचं वेगळं कनेक्शन असतं. ते राहिलं तर पंखे फिरतात, दिवे लागतात, पण प्रोसेसर जागाच होत नाही. तिथे ४+४ अशी फुटणारी केबल लागते. ६+२ अशी फुटणारी ग्राफिक्स कार्डाची, ती इथे जोर लावून बसवू नका. तिच्यात १२ व्होल्ट आणि अर्थ उलट बाजूंना असतात.

चौथं, बायोसची आवृत्ती. बी४५० बोर्डावर रायझन ५६००, बी६६० वर इंटेलची १३वी पिढी, बी६५० वर रायझन ९००० हे सगळं चालतं, पण बोर्ड जुन्या साठ्यातला असेल तर आधी बायोस नवा करावा लागतो. खोक्यावरच्या स्टिकरवर काही वेळा आवृत्ती असते, ती कंपनीच्या यादीशी ताडून पाहा. बोर्डाला बायोस फ्लॅशबॅक (पेनड्राइव्हवरून बायोस नवा करायचं बटण) असेल तर प्रोसेसरशिवायही काम होतं: पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला, फाइलला पुस्तिकेत दिलेलं नाव, खूण केलेलाच यूएसबी पोर्ट, २४ आणि ८ पिनांच्या केबल लावलेल्या. बटण तीन सेकंद दाबलं की दिवा लुकलुकतो. तो पूर्ण थांबेपर्यंत वीज जाता कामा नये. पावसाळ्यात हे यूपीएसशिवाय करूच नका.

देवगड

पंखे क्षणभर फिरतात, थांबतात, पुन्हा फिरतात, यावर लिहितो. अनेकदा कुठेतरी शॉर्ट असतो आणि एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. कॅबिनेटमध्ये मदरबोर्डाखाली पितळी खुंट्या असतात. मायक्रो एटीएक्स बोर्ड लावताना मोठ्या बोर्डासाठीची एखादी खुंटी तशीच राहिली तर ती बोर्डाच्या मागच्या डाखाच्या टाक्यांना टेकते. खुंटी फक्त बोर्डाला भोक असेल तिथेच हवी. मागच्या पोर्टांच्या पत्र्याची एखादी जीभ यूएसबीच्या तोंडात घुसलेली असते, तीही बघा.

खात्री करायची तर बोर्ड बाहेर काढून जोडा. पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा, आंब्याचा रिकामा कोरडा बॉक्सही चालतो. बोर्ड ज्या चकचकीत पिशवीत आला तिच्यावर ठेवू नका, तिचं आवरण वीज वाहू शकतं. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, दोन पॉवर केबल आणि मॉनिटर एवढंच लावा. प्रोसेसरला ग्राफिक्स नसेल तरच कार्ड. एसएसडी, समोरचे यूएसबी, रंगीत दिवे काहीही नको. ६ आणि ८ पिना टेकवा. इथे चाललं तर बोर्ड चांगला आहे, चूक कॅबिनेटमधल्या बसवणीत किंवा बाजूला ठेवलेल्या भागांत आहे. मग एकेक भाग वाढवत जा आणि प्रत्येक वेळी सुरू करून बघा.

मालवण

समुद्राकाठी राहणाऱ्यांसाठी. जूननंतर पिशवीबाहेर ठेवलेल्या रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर मंद डाग धरतात, आणि जुन्या बोर्डाच्या टाक्यांवर हिरवट-पांढरी भुकटी येते. मिठाचा थर हवेतली ओल ओढतो आणि दोन टाक्यांमध्ये वीज झिरपते. रॅमची कड मऊ पांढऱ्या खोडरबराने लांबीच्या दिशेने हलकेच पुसा, कण झटका, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडाला लावून पुसा. पॉलिश पेपर, पेट्रोल, थिनर वापरू नका. रॅमची खाच साफ करायला मऊ ब्रश आणि तेच अल्कोहोल, पण अर्धा तास सुकल्याशिवाय वीज देऊ नका.

जुना बोर्ड विकत घेत असाल तर रॅमच्या खाचा आणि मागच्या पोर्टांच्या तळाशी टॉर्च मारून बारीक गाळ आहे का बघा. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण, महाडच्या बाजारपेठांत पाणी होतं. धुतलेला बोर्ड वरून नवा दिसतो, गाळ मात्र कनेक्टरच्या आत राहतो. तसंच रिकामं कॅबिनेट उघडं ठेवलं असेल तर नेटवर्क आणि यूएसबीच्या भोकांत कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं असतं. ती माती टोकदार वस्तूने खरवडू नका, आतल्या पिना वाकतात. अल्कोहोलचे दोन थेंब टाकून मऊ करा आणि ब्रशने काढा.

सावंतवाडी

बायोस दिसला म्हणजे जोडणीचा मोठा भाग जिंकला. तिथेच पाच मिनिटं प्रोसेसरचं तापमान बघा. आपल्या दमट खोलीत ३५ ते ५० अंश ठीक. बघता बघता ९० पार करून मशीन बंद होत असेल तर कूलरच्या तळाचं पारदर्शक प्लास्टिक काढायचं राहिलं आहे, किंवा वॉटर कूलरचा पंप जोडलेला नाही. 'सीपीयू फॅन एरर' येत असेल तर पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवर आहे का बघा.

इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढे विंडोज बसवताना एसएसडी यादीत दिसत नाही असं होतं, आणि लोक एसएसडी बिघडली समजतात. बायोसमध्ये व्हीएमडी (एसएसडी सांभाळणारी इंटेलची सोय) चालू असतं म्हणून ते होतं. एकच एसएसडी असेल तर व्हीएमडी बंद करा, नाहीतर इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्या.

गुहागर

इतकं करूनही बोर्डच खराब निघाला तर परत पाठवताना एक गोष्ट पाळा. इंटेलच्या आणि एएम५ च्या बोर्डांत पिना सॉकेटमध्ये असतात. प्रोसेसर बसवताना सुटलेलं काळं प्लास्टिकचं झाकण जपून ठेवलेलं असेल ते पुन्हा बसवा. ते नसेल तर वॉरंटी नाकारली जाऊ शकते, आणि वाटेत पिना वाकल्या तर नक्कीच. झाकण लावण्याआधी मोबाइलचा टॉर्च तिरका धरून सॉकेटचा फोटो काढा. सरळ पिना एकसारख्या चमकतात, वाकलेली एखादी वेगळीच चमकते. तो फोटो, बोर्डाचा अनुक्रमांक आणि बिल एकत्र ठेवा. पावसाळ्यात बोर्डाच्या पिशवीबरोबर सिलिका जेलच्या दोन पुड्या घालून, बाहेरून जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून मगच पार्सल द्या.