फुटपाथ, रस्त्याकडेचा कचरा आणि फलक: निवेदन कसं द्यावं म्हणजे काम होईल?

पाटाकडची वाट
नाशिकच्या इंदिरानगर-पाथर्डी फाटा भागातल्या सोसायट्यांच्या सल्लागार समितीचं निवेदन महापालिकेच्या विभागीय कार्यालयात द्यायचंय. मुद्दे तीन: फुटपाथ जागोजागी खचलेत, सर्व्हिस रोडच्या कडेला कचरा पडतो, आणि फलक कुठे झाडात दडलेत तर कुठे खांबासकट वाकलेत. आधीच्या दोन निवेदनांना ‘संबंधित विभागाकडे वर्ग’ एवढंच उत्तर आलं. मोजमापं काय द्यावीत? प्रभाग समितीपुढे विषय कसा न्यावा?

कर्बस्टोन
तिन्ही मुद्दे एका कागदावर लिहिले, तिथेच घोळ झाला. फुटपाथ बांधकाम विभागाचा, कचरा घनकचरा व्यवस्थापनाचा, फलकावर आलेल्या फांद्या उद्यान विभागाच्या. एकच आवक क्रमांक पडला की कागद पहिल्या टेबलावरच मुरतो. एक जागा, एक दोष, एक अर्ज. जागा सांगताना ‘चौकाजवळ’ लिहू नका, पथदिव्याच्या खांबाचा नंबर लिहा.

त्याआधी रस्ता कोणाचा ते बघा. कॉलनीतले रस्ते महापालिकेचे, मुंबई-आग्रा महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. सर्व्हिस रोडवर झाडलोट एकाकडे आणि गटार दुसऱ्याकडे असू शकतं, म्हणून तेवढं लेखी विचारून घ्या. माहिती अधिकारात ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्याच अर्जात ठेकेदाराला दिलेल्या कार्यादेशाची प्रत आणि दोषदायित्व कालावधी (कामातल्या दोषाला ठेकेदार जबाबदार असतो तो काळ) कधी संपतो तेही मागा. कालावधी शिल्लक असेल तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने होते, ‘निधी नाही’ हे उत्तर तिथे चालत नाही.

आता टेप. फुटपाथची एकूण रुंदी मोजू नका, मोकळी रुंदी मोजा. आयआरसी १०३ (इंडियन रोड्स काँग्रेसचं पादचारी सोयींचं मानक) प्रमाणे निवासी भागात किमान १.८ मीटर मोकळी हवी, आणि डोक्यावर २.२ मीटर. फुटपाथ २.४ मीटरचा, त्यात विजेचा डीपी बॉक्स आणि झाडाचं आळं मिळून दीड मीटर गेलं, की माणसाला ९० सेंटिमीटर उरतात. नकाशावर मात्र २.४ च.

पेव्हर ब्लॉक खचतो त्यात ब्लॉकचा दोष क्वचितच असतो. केबलसाठी चर खणतात, माती थरांनी न दाबता एकदम लोटतात, वर वाळू पसरून ब्लॉक बसवतात. पहिल्या पावसात चर बसतो. चेंबरभोवती खचत असेल तर बहुधा सांध्यातून पाणी झिरपून वाळू आत वाहून जाते. तिथे ब्लॉक पुन्हा बसवणं म्हणजे पैसे पाण्यात, आधी चेंबरचा सांधा भरायला हवा. खड्डा बुजवायला वाळूचाच जाड थर टाकला तरी तो पुन्हा बसतो. वाळू २५ ते ४० मिलिमीटरच हवी, बाकी खोली दाबलेल्या खडी-मुरुमाने भरायची. अर्जात कारण लिहा, उपाय आपोआप ठरतो.

फुटपाथवर चढायच्या उताराचं गणित सोपं आहे. कर्ब (फुटपाथची कड) १५० मिलिमीटर उंच, उतार १:१२ (उंचीच्या बारा पट लांबी), म्हणजे रॅम्पची लांबी १.८ मीटर. दुकानदारांनी थापलेले फूट-दीड फुटाचे सिमेंटचे उंचवटे रॅम्प म्हणून मोजू नका.

प्रभाग समितीबद्दल: महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २९अ प्रमाणे तिच्यात नगरसेवक आणि प्रभाग अधिकारी यांच्याशिवाय स्वयंसेवी संस्थांचे जास्तीत जास्त तीन नामनिर्देशित सदस्य असू शकतात. बैठकीच्या दिवशी जाऊन उपयोग नाही, विषयपत्रिका निघण्याआधी त्यांच्यापैकी कुणाकडे तरी विषय पोहोचवा.

घंटागाडीमागे
कचऱ्याचं बोलतो. ‘स्वच्छता करा’ असा अर्ज दिलात तर ट्रॅक्टर येईल, ढीग उचलेल, आणि संध्याकाळी तिथेच पुन्हा पिशव्या दिसतील. सात दिवस सकाळी ७, दुपारी २ आणि रात्री १० वाजता त्याच कोनातून फोटो काढा आणि काय पडलंय ते लिहा. बंद गाठीच्या घरगुती पिशव्या सकाळी ९ नंतर दिसल्या तर घंटागाडीची वेळ नोकरदारांना जमत नाही. भाजीचा पाला आणि पत्रावळ्या रात्री दिसल्या तर तो हातगाड्यांचा कचरा, त्यांना संध्याकाळची फेरी हवी. विटा-फरशीचे तुकडे म्हणजे राडारोडा. तो घंटागाडी घेतच नाही, त्याचा अर्ज वेगळा. एका ढिगाला तीन कारणं असतील तर तीन ओळी लिहा.

पाटाकडची वाट
ढीग पडतो तिथे कुंड्या ठेवल्या तर? आणि फलकांचं कुणी सांगेल का?

घंटागाडीमागे
पाणी घालणारा ठरलेला असेल तरच. वाळलेली कुंडी महिनाभरात कचराकुंडी होते. आधी दिवा लावून घ्या, अंधाऱ्या कोपऱ्यात काहीच टिकत नाही.

रात्रीचा टॉर्च
फलक दिवसा तपासू नका. रात्री ५० मीटरवर उभं राहून टॉर्च डोळ्याच्या पातळीवर, कानाजवळ धरा. परावर्ती शीट प्रकाश जिथून आला तिकडेच परत पाठवते, म्हणून टॉर्च कमरेजवळ धरला तर चांगला फलकही मंद दिसतो. कानाजवळ धरल्यावरही फलक काळपट दिसला तर आधी ओल्या फडक्याने पुसून पुन्हा बघा. निम्मे फलक फक्त धुळीने मेलेले असतात. तरीही काळाच असेल तर शीट बदला असं लिहा. नुसता रंग मारून घेऊ नका, रंग परावर्तित होत नाही.

आकारही बघा. गोल म्हणजे आदेश, त्रिकोण म्हणजे सावधान, आयत म्हणजे माहिती. गतिरोधकाचा इशारा चौकोनी पाटीवर लिहिलेला असेल तर तो चुकीचा फलक आहे. फुटपाथवरच्या फलकाची खालची कड २.२ मीटरच्या वर हवी, नाहीतर चालणाऱ्याच्या कपाळाला लागते. वाकलेला खांब सरळ करून भागत नाही. पायाचं काँक्रीट हलत असेल तर पुढच्या रिक्षेच्या धक्क्याला तो पुन्हा वाकणार.

आणि ‘नो पार्किंग’, ‘एकेरी मार्ग’ हे फलक मागताना अर्ज पोलीस आयुक्तालयाच्या वाहतूक शाखेलाही द्या. अधिसूचनेशिवाय लावलेल्या पाटीवर कारवाई टिकत नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी तात्पुरते दिशाफलक लागतील, ते जुन्या खांबांवर बांधून आधीचे फलक झाकू नयेत, हेही आताच लिहून ठेवा.

कर्बस्टोन
फांदीने झाकलेल्या फलकाच्या फोटोत झाडाचं खोडही येऊ द्या. उद्यान विभागाचा माणूस झाड शोधत येतो, फलक नाही.